सेकंडहँड सी २०० कॉम्प्रेसर : साडेतीन वर्षं, एक पुली आणि बरेचसे पाइप

जुनी मर्सिडीज घेतली तेव्हा ज्याने त्याने एकच विचारलं, सुपरचार्जर टिकतो का रे? साडेतीन वर्षं आणि २३ हजार किलोमीटर झाल्यावर आता सांगतो, टिकतो. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं हे यंत्र, त्याला काही होत नाही. त्याच्या आजूबाजूचं रबर, प्लास्टिक आणि वायरी आधी म्हाताऱ्या होतात आणि आपण येड्यासारखे सुपरचार्जरला कान लावून बसतो.

गाडी म्हणजे २००९ ची मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर, डब्ल्यू २०४ बॉडी, सिल्व्हर, पेट्रोल ऑटोमॅटिक. १७९६ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कोड एम २७१, कागदावर १८४ हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन मीटर, पाच गिअरचा जुना दणकट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पार्ल्याच्या एका रिटायर्ड डॉक्टरांची होती, ६८ हजार चाललेली, ४ लाख ७५ हजारात पडली. घरी आणली त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी डिकीवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "कॉम्प्रेसर लिहिलंय म्हणजे एसी एकदम कडक असणार." एसी खरंच कडक आहे, पण तो कॉम्प्रेसर वेगळा. जर्मनमध्ये सुपरचार्जरला कॉम्प्रेसर म्हणतात आणि मर्सिडीज हे नाव १९२० च्या दशकापासून वापरतेय. आत जे आहे ते रूट्स टाइपचं, म्हणजे दोन रोटर एकमेकांत फिरून हवा पुढे ढकलतात. रूट्स बंधूंनी १८६० मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडीचा पत्ताही नव्हता, भट्ट्यांना आणि खाणींना हवा मारायला ते वापरायचे. इतकं साधं यंत्र आहे म्हणूनच ते सहसा बिघडत नाही असं माझं मत.

चालवायला कशी आहे? इंजिनच्या धुरावर फिरणाऱ्या टर्बोसारखी दाबा, थांबा, मग पळा अशी नाही. सुपरचार्जर इंजिनच्या पट्ट्यावरच फिरत असल्यामुळे पाय ठेवला की लगेच ओढते, सिग्नल सुटल्यावर ४० पर्यंत एकदम झकास. पुढे ४५०० आरपीएमच्या वर आवाज खूप करते आणि त्या मानाने पळत नाही, हे खरं खरं सांगतो. पट्टा फिरवायला इंजिनची स्वतःचीच थोडी ताकद जाते आणि ती पेट्रोलमध्ये दिसते, भांडुप ते बीकेसी रोजच्या ट्रॅफिकमध्ये मला लिटरला ६.५ ते ७ किलोमीटर, पुण्याला जाताना ११-१२. पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९५ ऑक्टेन टाका असं छापलंय, साधं पेट्रोल ९१ चं असायचं, म्हणून मी ९५ वालंच टाकत आलोय, बायको महिन्याचा हिशोब करताना माझ्याकडे बघते ती नजर वेगळी. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलंय, ही गाडी काही त्या जमान्यातली नाही, त्यामुळे प्रत्येक सर्व्हिसला मेस्त्रींना फ्युएल लाइन आणि जॉइंट हात लावून बघायला सांगतो.

आता मुख्य विषय, म्हणजे खर्च.

घेताना माझ्याबरोबर आमचे मेस्त्री आले होते, कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आत एका गल्लीत त्यांचं छोटं गॅरेज आहे, आधी बरीच वर्षं मोठ्या सर्व्हिस सेंटरला होते. त्यांनी पहिली अट घातली, आदल्या रात्रीपासून गाडी कोणी चालू करायची नाही, थंड इंजिन मला स्वतः स्टार्ट करू द्या. एजंट म्हणाला कशाला साहेब, आत्ताच फिरवून आणली, मक्खन आहे. मेस्त्री म्हणाले मग उद्या येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चावी फिरवली आणि दोन-तीन सेकंद खर्रर्र, डब्यात खिळे हलवल्यासारखं, मग शांत. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "दादा, यातून ८०-९० हजार कमी करून घ्या, मगच हो म्हणा."

ती टायमिंग चेन, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर ठेवणारी साखळी. एम २७१ चं हे सगळ्यात प्रसिद्ध दुखणं, साखळी एका पदरी आहे, वयानुसार ताणते, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुढच्या ॲडजस्टर गिअरचे दात झिजतात, आणि दुर्लक्ष केलं तर एखाद्या दिवशी दात सुटून व्हॉल्व्ह आणि पिस्टनची भेट होते, म्हणजे इंजिन खलास. ऑइल वेळेवर न बदलणारे मालक असतील तर हे लवकर होतं, आमच्या डॉक्टरांनी गाडी कमी चालवली म्हणून ऑइलही कमी वेळा बदललं, फाइलमध्ये बिलांच्या तारखांत अडीच-अडीच वर्षांचं अंतर. गाडी कमी चालली म्हणजे चांगली राहिली हा आपला गैरसमज आहे, उभ्या गाडीचं ऑइलही म्हातारं होतं.

साखळी बदलताना मी अख्खा शनिवार गॅरेजमध्ये बसलो होतो, बघण्यासारखं काम आहे. इंजिन उतरवत नाहीत. वरचं कव्हर काढतात, जुन्या साखळीची एक कडी कापतात, तिथे नवी साखळी जोडतात आणि मग एक जण खालून क्रँक, म्हणजे पिस्टनना जोडलेला दांडा, पान्याने अगदी हळू फिरवतो, दुसरा वरून जुनी बाहेर ओढत नवी आत सोडतो, दोन्ही कॅमवर ताण कायम ठेवून. पाजामात नाडी घालतात ना, जुन्या नाडीला नवी बांधून, अगदी तसं. मेस्त्रींचा पोरगा खाली होता, मेस्त्री वर, आणि अर्धा तास दोघं फक्त "थांब", "जरा", "चल" एवढंच बोलत होते. शेवटी नव्या कडीला रिव्हेट मारला, दोन्ही ॲडजस्टर नवे, साखळी ताणून धरणारा टेन्शनर नवा. जुना एक्झॉस्टकडचा गिअर माझ्या हातात दिला, दातांची टोकं बोटाला लागत होती, एका बाजूने पार घासलेली. सगळं मिळून ८५ हजार. एजंटने भावात ७० सोडले होते, म्हणजे मेस्त्रींची फी धरून माझं फार काही गेलं नाही.

दुसरी गोष्ट कॅमचे मॅग्नेट, ते ॲडजस्टर चालवतात. इंजिनच्या तोंडावर दोन गोल टोप्यांसारखे दिसतात. यांचं सील गेलं की ऑइल बाहेर पडत नाही, ते प्लगमधून वायरच्या आत शिरतं आणि वायरच्या तारांमधून चढत चढत पार ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत जातं, दिव्याची वात तेल ओढते तसं. ऐकलं तेव्हा मला थाप वाटली. मग मेस्त्रींनी प्लग काढून पांढऱ्या कपड्यावर टेकवला, पिवळा गोल डाग. माझ्या नशिबाने पुढे गेलं नव्हतं, दोन मॅग्नेट आणि मध्ये छोट्या जोडवायरी टाकल्या, आता तेल आलंच तरी त्या जोडवायरीत अडकेल. तुम्ही एम २७१ बघायला जाल तेव्हा हे दोन प्लग काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे आणि ईसीयूचा खर्च ऐकलात तर घाम फुटेल.

तिसरं, ब्रीदर पाइप, इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणारा. याने मला सगळ्यात जास्त छळलं कारण हा दिसतच नाही, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरला हवा वाटणाऱ्या नळ्या) खाली कुठेतरी लपलेला असतो. सिग्नलला आरपीएम वरखाली, चेक इंजिनचा पिवळा दिवा, स्कॅनरवर मिक्स्चर लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. आधी मी माझ्या अकलेने हवा मोजणारा एअर मास सेन्सर बदलला, ११ हजार गेले, दिवा तसाच. मग मेस्त्रींनी मशीनने इनटेकमध्ये धूर भरला आणि आम्ही टॉर्च घेऊन बघत बसलो, पाच मिनिटांनी मॅनिफोल्डच्या खालून उदबत्तीसारखी एक बारीक रेघ वर आली. वरचं बरंचसं काढून पाइप बाहेर आला तर हातात घेताच खारी बिस्किटासारखा तुकडा पडला. पाइप काही महाग नाही, मजुरी आहे. आणि त्याच दिवशी दिसलं की दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या आत ऑइलचा थर बसलाय, तोही काढून धुतला. खरं सांगू का, गाडीत सगळ्यात जास्त फरक या एका दिवशी जाणवला. पण मी तेव्हा ते समजून घेतलं नाही आणि पुढचा गाढवपणा केला.

तर, पुली.

सुपरचार्जरवाल्या गाडीचं मॉडिफिकेशन म्हणजे पुली हे सगळ्यांना माहीत असतं. सुपरचार्जरच्या तोंडावरची पुली लहान टाकली की तो जास्त वेगाने फिरतो, जास्त हवा, जास्त ताकद, ऐकायला किती सोपं. नवी मुंबईत एक ट्यूनर, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणारा, आहे, नाव नाही घेत, त्याने मला लहान पुली अधिक ईसीयू रिमॅप (त्याचं सॉफ्टवेअर बदलणं) असं पॅकेज ६२ हजारात दिलं आणि २१५ हॉर्सपॉवर सांगितले. डायनोची, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनची प्रिंट मागितली तर व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, त्यावर गाडीचा नंबर नाही. तेव्हाच निघायला हवं होतं, पण माणसाला खाज असते ना.

पहिल्या रात्री ईस्टर्न फ्रीवेला गेलो. काय सांगू, गाडी उडतेय असं वाटलं, आवाजही वाढलेला, ती सुपरचार्जरची शिट्टी ऐकून मी एकटाच हसत होतो. मित्रांना फोन केले. मग आला एप्रिल. दुपारी दोन वाजता सायनच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं उभा, सुटल्यावर पाय दाबला तर गाडी ढिम्म, आधीपेक्षा मंद, आणि बॉनेटखालून चिर्रर्र असा आवाज. मी गाडीच्या डेटा प्लगला लावायचा बाराशेचा एक ओबीडी डोंगल घेतला आणि इनटेकचं तापमान बघायला लागलो. बाहेर ३४, आणि सिग्नलला उभं असताना इंजिनात जाणारी हवा ६० च्या वर. घाटात तर विचारूच नका. हवा दाबली की गरम होते हा शाळेतला धडा, जास्त वेगाने दाबली की जास्त गरम, आणि गरम हवेत इंजिन ठोकायला लागू नये म्हणून ईसीयू स्वतःच इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद कमी होते. समोर छोटासा इंटरकूलर, त्याला वारा मिळतो गाडी पळाली तर. मुंबईत गाडी पळते कधी?

चिर्रर्र होतं ते पट्टा घसरण्याचं. पुली लहान म्हणजे पट्ट्याची तिच्यावरची पकड कमी. बॉनेट उघडलं तर पुलीच्या मागे काळा भुकटीचा थर, बोट फिरवलं तर काजळ. आणि हा पट्टा नुसता सुपरचार्जरचा नाही, अल्टरनेटर, वॉटर पंप सगळं त्याच्यावर, तुटला तर गाडी तिथेच उभी.

पण खरा झोल पुढे आहे. मी वैतागून दुसऱ्या एका ट्यूनरकडे गेलो, म्हटलं रिमॅप जरा नरम करून दे. त्याने ईसीयू वाचला, लॅपटॉपवर कंपनीच्या फाइलशी जुळवून बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, नरम काय करू, यात काही केलेलंच नाही." म्हणजे पहिल्याने पुली तेवढी बसवली आणि रिमॅपचे पैसे असेच घेतले. आणि या इंजिनात बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, किती ठेवायचा हे ईसीयू एका फ्लॅपने ठरवतो, जास्तीची हवा तो परत मागे फिरवतो. म्हणजे पाच महिने माझा सुपरचार्जर जास्त फिरत होता, जास्त हवा ढकलत होता, आणि ईसीयू ती जास्तीची हवा गोल गोल फिरवून गरम करत होता. माझे २१५ घोडे! फ्रीवेवर जो मी हसत होतो ना, ती फक्त शिट्टी होती. रात्रीची थंड हवा आणि मोकळा रस्ता, स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी गाडीही तशीच पळाली असती.

पुली काढली, मूळची बसवली, नवा पट्टा, नवा टेन्शनर. पैसे परत मागितले तर त्या माणसाने आधी दोन दिवसांनी सांगतो म्हटलं आणि मग ब्लॉक केलं. मी काही सगळे ट्यूनर चोर आहेत असं म्हणत नाही, दुसऱ्याने तर माझ्याकडून वाचण्याचे पैसेही घेतले नाहीत. पण तुम्ही करणारच असाल तर आधीची आणि नंतरची डायनो प्रिंट तुमच्या डोळ्यांसमोर, एकाच मशीनवर, एकाच दिवशी घ्या, आणि इंटरकूलरचं काही करणार नसेल तर पुलीला हातच लावू देऊ नका. शिवाय इन्शुरन्सला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी डोक्याला शॉट, आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्यापेक्षा वेगळं काही करायला परवानगी लागते ते वेगळंच. २०२४ मध्ये पंधरा वर्षं झाली म्हणून वडाळ्याला आरसी रिन्यू करायला गेलो होतो, इन्स्पेक्टरने बॉनेट उघडायला सांगितलं तेव्हा मनातल्या मनात मेस्त्रींचे पाय धरले की बरं झालं सगळं स्टॉक आहे. पर्यावरण कर भरला, पाच वर्षं मिळाली.

मग मी काय मॉडिफाय केलं जे ठेवलंय? आधीच्या मालकाच्या मुलाने अठरा इंची अलॉय टाकले होते, दिसायला राजा, पण आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक आणि खड्डे, भांडुप स्टेशनजवळ एक रिम वाकला तेव्हा सगळे विकून मूळचे सोळा इंची २०५/५५ टाकले. गाडी वेगळीच झाली, आई मागे बसून म्हणाली आता कंबर नाही दुखत. इंजिन माउंट, पुढचे कंट्रोल आर्मचे बुश, चांगले ब्रेक पॅड, रिव्हर्स कॅमेरा. गिअरबॉक्स ऑइल, जे म्हणे आयुष्यभर बदलायचं नसतं. कोणाच्या आयुष्यभर ते कोणी सांगत नाही. काढलं तर चहाच्या गाळासारखं काळं, नवं टाकल्यावर दुसरा ते तिसरा गिअर पडताना जो धक्का बसायचा तो गेला.

एक गोष्ट राहिली, स्टिअरिंग लॉक. या पिढीच्या सी क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉकची मोटर जाते, मग चावी आत जाते, फिरते, आणि काहीच होत नाही, गाडी टो करूनच न्यावी लागते. माझ्यात आधीच बदललेलं होतं, फाइलमध्ये बिल होतं, म्हणून मी सुटलो. घेताना हे बिल आहे का ते नक्की विचारा.

पावसाळ्याचं म्हणाल तर गाडी तशी शहाणी आहे, त्रास झाडाचा आहे. आमच्याकडे पार्किंगवर गुलमोहर, त्याची बारीक पानं काचेखालच्या जाळीतून आत जातात, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी मग वायरी आणि फ्यूज शोधत फिरतं. मे महिन्यात अर्धा तास घालवून मी स्वतः बोटाने आणि जुन्या टूथब्रशने साफ करतो. आणि हिंदमाताला पाणी आहे असं कळलं की गाडी घरी, लोकल झिंदाबाद.

घ्यावी का? रोज ४० किलोमीटर ट्रॅफिकमध्ये जायचं असेल आणि हीच एक गाडी असेल तर नका घेऊ, त्या पैशात नवी हॅचबॅक बघा. खरेदीच्या वर दोन-सव्वादोन लाख बाजूला ठेवायची तयारी, कुर्ल्यात किंवा कुठेही एक भरवशाचा मेस्त्री आणि थोडं वेड, हे तिन्ही असेल तर घ्या. नुसती ताकद हवी असेल तर ऑडीचा जुना ३.० टीएफएसआय बघा, नावात टर्बोचा टी असला तरी सहा सिलिंडरच्या मधोमध सुपरचार्जरच बसलाय, पण मग मेस्त्रीही वेगळा आणि बजेटही वेगळं. याच इंजिनाचा २०१० च्या आसपासचा सीजीआय म्हणून जो पुढचा अवतार आला त्यात सुपरचार्जर जाऊन टर्बो आला, ओढ जास्त, पण साखळीची काळजी तिथेही घ्यावीच लागते, नवीन आहे म्हणून ढिलाई नको.

माझी आता ९१ हजार झालीय. सकाळी थंड स्टार्टला अजून मी आपोआप श्वास रोखतो, खर्रर्र येत नाही. पुढचा खर्च मागचे शॉक ॲब्झॉर्बर, दिवाळीनंतर बघू. आणि ती लहान पुली घरी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, बायको तिच्यावर गरम तवा टेकवते. कोणाला हवी असेल तर भांडुपला येऊन घेऊन जा, फुकट, फक्त तिला विचारून.